छोट्या गाडीच्या टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: छोटी हॅचबॅक, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे त्यावर दोन माणसांसाठी पुढे ३२ मागे ३० आणि फुल लोडला पुढे ३३ मागे ३६ लिहिलंय, हवा भरणारा काही न विचारता चारी चाकांत ३५ भरतो, मित्र म्हणतो २८ ठेव गाडी मऊ चालते, आणि टायरवर वाचायला गेलं तर मॅक्स ४४ दिसतंय. मग ऐकायचं कुणाचं?

मी बरीच वर्षं टायर आणि अलाइनमेंटचंच काम करतोय त्यामुळे उत्तर लांबणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो: स्टिकरवरचा आकडा, तोही टायर थंड असताना, आणि गाडीत किती वजन आहे ते बघून. शंका वाटली तर एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, वरचे सगळे आकडे त्यातलेच) वर चालतील, स्टिकरच्या खाली जायचं नाही. आता हे असं का, ते सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी कुणीही काहीही सांगितलं तरी तुम्ही गोंधळणार नाही.

आधी तो ४४ चा आकडा बाजूला काढू. तो टायर बनवणाऱ्याने लिहिलेला असतो आणि आपला टायर कुठल्या गाडीला लागणार हे त्याला माहीतच नसतं, एकच साइज हलक्या हॅचबॅकला पण बसते आणि मोठी डिकी असलेल्या सेडानला पण. या टायरमध्ये थंड असताना जास्तीत जास्त एवढीच हवा भरा, अशी ती मर्यादा आहे, तेवढी भरा असा सल्ला नाही. काही टायरवर ५१ सुद्धा लिहिलेलं असतं, म्हणून काय कुणी हॅचबॅकमध्ये ५१ भरत नाही. स्टिकर मात्र गाडी बनवणाऱ्याने लावलेला असतो, त्याला त्याच गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांवर येणारं वजन, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं माहीत असतं. स्टिकर दारावर नसेल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा, तिथेही नसेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये नक्की सापडतो. कधी आकडे बारमध्ये असतात किंवा केपीए मध्ये, २.२ बार म्हणजेच २२० केपीए म्हणजेच साधारण ३२ पीएसआय, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

आता मुख्य गोष्ट. गाडीचं वजन टायरचं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. रबर, नायलॉनचे थर, स्टीलच्या पट्ट्या हे सगळं त्या हवेला धरून ठेवायला आहे. टायरवर साइजच्या पुढे ८२ किंवा ८५ असा आकडा असतो बघा, तो लोड इंडेक्स, ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. पण ही क्षमता साध्या टायरला पूर्ण दाबावर मिळते, म्हणजे ३६ पीएसआयच्या आसपास. हवा २८ वर आली की तोच ४७५ वाला टायर अंदाजे सत्तर-ऐंशी किलोने कमी वजन पेलतो. टायर तोच, दिसायलाही तसाच, पण ताकद कमी झालेली असते.

आणि कमी हवेत नेमकं काय होतं ते समजून घ्या. जमिनीला टेकलेल्या भागात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, वाकते आणि पुढे जाऊन सरळ होते, प्रत्येक फेऱ्याला. १६५/८० आर १४ सारखा छोट्या गाडीचा टायर घेतला तर १०० च्या स्पीडला तो मिनिटाला आठशेच्या वर फेरे मारतो, म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक इंच मिनिटाला आठशे वेळा वाकतोय. हवा बरोबर असेल तर थोडासा वाकतो, कमी असेल तर जास्त वाकतो आणि हे जास्तीचं वाकणं सगळं उष्णतेत जातं. टायर फुटतात ते बहुतेक वेळा या उष्णतेने, हवा जास्त झाली म्हणून नाही. लोकांच्या डोक्यात उलटं बसलंय, लांबच्या प्रवासाला निघताना उन्हाळा आहे म्हणून हवा चार-पाच पीएसआय कमी करून घेतात, फुटू नये म्हणून. कृपा करून असं करू नका. कमी हवेने टायर अजून तापतो.

कमी हवेवर बरेच दिवस पळालेला टायर रिमवरून उतरवला की मी गिऱ्हाईकाला जवळ बोलावतो आणि आत हात फिरवायला सांगतो. बोटांना काळी बारीक भुकटी लागते, पावडर म्हणावी इतकी बारीक, ती त्याच टायरच्या आतल्या रबराची झीज असते. साइडवॉलच्या आतून एक गोल पट्टा उमटलेला दिसतो, तिथे अंगठा दाबला तर बाकीच्या जागेपेक्षा मऊ लागतं. बाहेरून नक्षी अर्धी शिल्लक असते, बघणारा म्हणेल टायर चांगला आहे. पण असा टायर पंक्चर काढून परत लावायचा नसतो, आतले धागे थकलेले असतात, तो कधी साथ सोडेल सांगता येत नाही.

आता थंड टायर म्हणजे काय, कारण सगळा घोळ इथेच होतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर हळू चालली असेल तर टायर थंड. सकाळी ऊन लागायच्या आधी मोजलं तर सगळ्यात उत्तम. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा तापते आणि दाब वाढतो, हायवेवर अर्धा-पाऊण तास चालवलं की चार-पाच पीएसआय सहज वाढतात. हे वाढणं नॉर्मल आहे आणि स्टिकर लिहिणाऱ्याने ते धरूनच थंड आकडा दिलेला आहे. म्हणून गरम टायरमध्ये ३७ दिसले की घाबरून हवा सोडू नका. समजा तुम्ही सोडून ३२ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये २७ असेल आणि तुम्हाला वाटत राहील कालच तर ३२ करून आणली.

बाहेरच्या तापमानाचाही हिशोब असतो. ३२ च्या आसपास दाब असेल तर तापमान १० डिग्रीने बदललं की साधारण दीड पीएसआय बदलतो. ऐन उन्हाळ्यात दुपारी भरलेली हवा थंडीच्या पहाटे चार पीएसआय कमी दिसू शकते, टायर अजिबात लीक नसताना. गाडी अर्धी उन्हात अर्धी सावलीत उभी असेल तर उन्हातल्या बाजूचे टायर एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात, अशा वेळी डावं-उजवं सारखं करायला गेलात तर सावलीत आल्यावर दोन्ही बाजू वेगळ्या होतात. उंचावर जाणाऱ्यांसाठी एक गंमत, १५०० मीटर वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे गेज, म्हणजे हवा मोजायचं मीटर, सव्वादोन-अडीच पीएसआय जास्त दाखवायला हवं, पण तिथे थंडीही जास्त असते त्यामुळे बरंचसं आपोआप कटतं, काही करायची गरज पडत नाही.

तुम्ही म्हणाल घरी पंप नाही, पेट्रोल पंपापर्यंत गाडी चालवत न्यावीच लागते, मग थंड मोजणार कसं. त्याला सोपा उपाय आहे, एक गेज विकत घ्या आणि गाडीतच ठेवा. सकाळी निघायच्या आधी थंड टायर मोजा, समजा डावीकडच्या पुढच्यात २८ आहे आणि पाहिजे ३२, म्हणजे चार कमी. कागदावर लिहून ठेवा, प्रत्येक चाकाचं वेगळं. पंपावर पोचल्यावर तोच टायर ३१ दाखवत असेल तर ३१ मध्ये चार मिळवून ३५ भरा. थंड झाला की तो ३२ च्या आसपास येणार. भरणारा म्हणेल ३५ कशाला, त्याला म्हणावं भर रे बाबा. आणि शक्यतो तुमच्याच गेजने परत तपासा कारण पंपावरची गेजं दिवसभर आपटत असतात, दोन-तीन पीएसआयचा फरक अगदी कॉमन आहे, एकाच जागी दोन पाइप असतील तर दोघांत सुद्धा फरक निघतो. तुमचं गेज अर्धा पीएसआय चुकत असलं तरी दर वेळी तेवढंच चुकेल, हा मोठा फायदा.

वजनाचं बघू आता, तुमच्या स्टिकरवर दोन ओळी का आहेत ते इथे कळेल. छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे एकटा ड्रायव्हर असताना जवळपास ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणून पुढे ३२ मागे ३०. पण मागे तीन माणसं बसली आणि डिकी भरली की हे जास्तीचं वजन बहुतेक सगळं मागच्या चाकांवर जातं, डिकी तर मागच्या एक्सलच्याही मागे असते, पुढच्या चाकांवर त्यातलं फारच थोडं येतं. म्हणून फुल लोडला पुढे फक्त एक वाढवलाय आणि मागे एकदम सहा. ही दुसरी ओळ कुणी वाचतच नाही. वर्षभर ३० वर फिरतात आणि सुट्टीत पाच जण, बॅगा, डिकी ठासून भरून, त्याच ३० वर हायवेला ११० ने जातात. टायरवर सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका याच दिवशी. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मागे ३६ करून घ्या, परत आल्यावर ३० करा, दहा मिनिटांचं काम आहे. स्टिकरवर एकच ओळ असेल आणि गाडी पूर्ण भरणार असाल तर मागे तीन-चार वाढवा, टायरवरच्या मॅक्सच्या खाली राहून.

तुमच्या मित्राच्या २८ बद्दल. तो म्हणतो गाडी मऊ चालते ते खरं आहे, पण त्या मऊपणाची किंमत तुम्ही दुसरीकडे मोजता. टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात, वळणावर गाडी अंग टाकते, स्टिअरिंग जड लागतं, खड्ड्यात रिम टायरला चिमटते आणि साइडवॉलला फुगा येतो. आणि ॲव्हरेज, चारी टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी झाला की इंधनाचा ०.२ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे चार कमी असतील तर पाऊण-एक टक्का, खूप नाही पण वर्षभर चालूच राहतं. पावसात अजून एक मुद्दा आहे जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाणी साचलेल्या रस्त्यावर एका स्पीडनंतर टायर पाण्यावर तरंगायला लागतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि गाडी ऐकत नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर याचा अभ्यास करून सूत्र दिलं होतं की हा स्पीड टायरच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, त्या सूत्राने ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटर येतो आणि २४ ला ८२. विमानाचा टायर वेगळा, गाडीच्या टायरची रुंदी, नक्षी किती शिल्लक आहे, पाणी किती खोल आहे यावर बरंच ठरतं म्हणून हे आकडे जसेच्या तसे धरू नका, पण हवा कमी झाली की टायर लवकर तरंगतो एवढं पक्कं. कारण कमी हवेत टायरचा मधला भाग आत जातो आणि पाणी बाजूला ढकलायची ताकद राहत नाही.

पंपवाल्याच्या ३५ चं काय, तर तो तुमचं वाईट करत नाहीये, येणारी प्रत्येक गाडी बघून स्टिकर वाचायला त्याला वेळ नसतो म्हणून सगळ्यांना एकच आकडा. रिकाम्या गाडीत तुमच्या मागच्या चाकांत ३५ म्हणजे पाच जास्त, गाडी मागून उड्या मारते, खराब रस्त्यावर मागची चाकं क्षणभर जमीन सोडतात आणि तेवढ्यात ब्रेक लागला तर पकड कमी मिळते. मधला पट्टा आधी झिजतो. खड्ड्याची धार लागली तर घट्ट फुगलेला टायर झटका गिळत नाही, तो थेट सस्पेन्शनकडे जातो, बुश आणि बॉल जॉइंट वाजायला लागतात. पण खरं सांगू का, २८ आणि ३५ यातलंच एक निवड असं कुणी म्हटलं तर मी ३५ निवडेन. जास्त हवेने त्रास होतो, कमी हवेने धोका होतो.

तुमचा आकडा बरोबर बसलाय का हे टायरलाच विचारता येतं. कोरड्या सपाट रस्त्यावर टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि गाडी सरळ थोडी पुढे घ्या, वळवू नका. उतरून बघा रेघ कुठे पुसली गेलीय. सगळीकडे सारखी पुसली तर उत्तम, मधेच पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी. फार बारीक माप नाही हे, एखाद-दोन पीएसआयचा फरक यात कळत नाही आणि स्टिकरच्या खाली जायला याचा आधार घेऊ नका, पण मोठी चूक लगेच दिसते. दुसरी परीक्षा लांबच्या रस्त्यावरची, थंड आकडा लिहून ठेवा, हायवेला तासभर चालवून थांबल्यावर लगेच मोजा. चार-पाच वाढले तर ठीक, सात-आठ वाढले तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे वजनाच्या मानाने हवा कमी आहे, पुढच्या वेळी थंड असताना दोन जास्त भरा. आणि झीज बघताना एक सांभाळा, फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर त्यात हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्या.

नुसत्या डोळ्यांनी हवा बघायची सवय सोडा. रेडियल टायर खालून थोडा फुगलेला दिसतोच, ३२ ला पण दिसतो आणि २५ ला पण, मला सुद्धा बघून फरक सांगता येत नाही. लाथ मारून तर अजिबात कळत नाही.

कितीदा तपासायचं? महिन्यातून एकदा आणि लांब जायच्या आधी. चांगला टायर सुद्धा महिन्याला एखाद-दोन पीएसआय सोडतो, रबरातून हवा झिरपते, त्यात दोष काही नाही. चारपैकी एकच टायर दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त उतरत असेल तर मात्र शोधायला लागा. आधी व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर पिन लीक आहे, दोन मिनिटांत बदलते. व्हॉल्व्हची दांडी हलकेच वाकवून बघा, जुन्या रबराला मुळाशी चिरा पडलेल्या असतात, म्हणून नवीन टायर घालताना व्हॉल्व्ह नवीन घ्या म्हणून मी मागे लागतो. तिथे नसेल तर खिळा, आणि खिळाही नसेल तर रिमची कड, अलॉयवर गंज किंवा पापुद्रा आला की टायर तिथे नीट बसत नाही. टोपण हरवलं असेल तर आजच लावा, धूळ पिनमध्ये बसून हळूहळू हवा सुटते.

गाडीत टायरची वॉर्निंग लाइट आहे म्हणून निवांत राहू नका. अमेरिकेच्या नियमात ती लाइट स्टिकरपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागली पाहिजे असं आहे, युरोपात २० टक्के. म्हणजे ३२ चा टायर २४-२५ वर आला की मग लाइट, तोपर्यंत तुम्ही किती दिवस २६ वर फिरलात ते लाइट सांगत नाही. काही गाड्यांत चाकाच्या आत सेन्सरच नसतो, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून चाकं किती वेगाने फिरतात ते बघून अंदाज बांधतात, त्यात हवा भरल्यावर रिसेटचं बटण दाबावं लागतं. हे विसरलात, किंवा कमी हवा असतानाच रिसेट दाबलं, तर गाडी तीच कमी हवा बरोबर धरून चालते.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याबद्दलही सांगतो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध भरला तर ओलावा नसतो आणि हवा थोडी हळू उतरते, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर घ्या, नायट्रोजन नाही म्हणून कमी हवेवर मात्र फिरू नका, त्यात साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही.

टायरची साइज बदलली असेल तर स्टिकर तुम्हाला पूर्ण लागू होत नाही. विशेषतः रुंद आणि बारीक साइडवॉलचा टायर घातला आणि त्यावर एक्सएल (जादा वजनासाठी बनवलेला टायर) लिहिलेलं असेल तर त्याला तेवढंच वजन उचलायला बहुतेक वेळा दोन-तीन पीएसआय जास्त लागतात, टायर लावणाऱ्याकडून त्या साइजच्या लोड टेबलवरून, म्हणजे किती दाबाला किती वजन त्या तक्त्यावरून, आकडा काढून घ्या आणि स्टिकरजवळ लिहून चिकटवा.

आणि स्टेपनी, ती सगळे विसरतात. फुल साइज असेल तर स्टिकरवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर भरून ठेवा, तुमच्या गाडीत ३६, कारण पुढे लावायची वेळ आली तर हवा सोडून कमी करता येते, आडरस्त्यावर भरता येत नाही. बारकी टेम्पररी स्टेपनी असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात, तिच्यावरच लिहिलेलं असतं, आणि ती लावल्यावर ८० च्या वर गाडी न्यायची नाही.